वाऱ्याला वाट, कानाला उसंत

दिवाळी अंकात आवाजावर लेख म्हटला की वाचकाच्या मनात आधी फटाके येणार. त्यांची मर्यादा ठरलेली आहे: फुटण्याच्या जागेपासून चार मीटरवर १२५ डेसिबल. पण २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत दुसऱ्या टोकाचाही एक आकडा आहे. रुग्णालयं, शाळा, न्यायालयं यांच्याभोवतीच्या शांतता क्षेत्रात रात्री ४० डेसिबल. हा लेख त्या चाळिसाच्या आसपास घुटमळणाऱ्या आवाजाविषयी आहे. हा आवाज कुणाला दचकवत नाही. सकाळी स्विच दाबला की सुरू होतो आणि संध्याकाळी बंद केला की मग कळतं, दिवसभर डोकं कशामुळे जड झालं होतं ते.

इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रयोगशाळेत, दुरुस्तीच्या दुकानात, कारखान्याच्या टेस्टिंग विभागात टेबलावर मांडलेली उपकरणं म्हणजे ऑसिलोस्कोप (आपल्याकडच्या कॉलेजांत त्याला अजूनही ‘सीआरओ’च म्हणतात, त्यातली पिक्चर ट्यूब जाऊन जमाना झाला तरी), पॉवर सप्लाय, सिग्नल जनरेटर, इलेक्ट्रॉनिक लोड. बहुतेकांच्या पाठीत एक छोटा पंखा असतो. एकट्याचा आवाज तक्रार करण्याजोगा नसतो. पण सारख्याच आवाजाची दोन उपकरणं चालू झाली की ३ डेसिबल वाढतात, चार झाली की ६. त्यात दुरुस्ती करणारा माणूस नुसत्या डोळ्यांनी तपासत नाही. रिलेची टिक, ट्रान्सफॉर्मरची गुणगुण, हाय व्होल्टेज कुठे गळत असेल तर त्याची चुरचुर, हे सगळं तो कानाने टिपतो. पंख्याच्या घरघरीत नेमकं तेच बुडतं.

यावरचा सर्वमान्य उपाय म्हणजे पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला जायचं, ‘आवाज न करणारा’ फॅन मागायचा आणि घरी येऊन चार स्क्रू फिरवायचे. आवाज खरंच कमी होतो. काही महिन्यांनी, काही वेळा दोन-तीन वर्षांनी, उपकरण बंद पडतं. तेव्हा त्या फॅनची आठवणही कुणाला नसते. म्हणून फॅनला हात लावण्याआधी तो तिथे कशासाठी बसवला आहे, हे नीट समजून घ्यायला हवं.

उष्णतेचा हिशेब

प्रयोगशाळेतला नेहमीचा लिनिअर पॉवर सप्लाय घ्या, ३० व्होल्ट ५ ॲम्पिअरचा. आत साधारण ४० व्होल्टचा कच्चा डीसी तयार होतो आणि नको असलेले व्होल्ट ट्रान्झिस्टर स्वतःवर झेलतात. तुम्ही बाहेर ५ व्होल्ट आणि ५ ॲम्पिअर घेतलेत तर तुमच्या कामाला आले २५ वॅट. उरलेले ३५ व्होल्ट गुणिले ५ ॲम्पिअर, म्हणजे १७५ वॅट, हीटसिंकवर उष्णता होऊन बसले. म्हणजे या सप्लायचा सगळ्यात कष्टाचा प्रसंग कमी व्होल्टेज आणि पूर्ण करंट हा असतो. चांगल्या सप्लायमध्ये ट्रान्सफॉर्मरला टॅप असतात आणि व्होल्टेज खाली आणलं की रिले टॅप बदलते. नॉब फिरवताना ऐकू येणारी ‘टक्’ ती हीच. तिच्यामुळे ही उधळपट्टी बरीच आटोक्यात येते.

उरलेली उष्णता हवेने न्यायची. एक घनमीटर हवा एक अंशाने तापायला साधारण १२०० ज्यूल लागतात. १७५ वॅट न्यायचे आणि हवा १५ अंशांपेक्षा जास्त तापू द्यायची नाही असं ठरवलं, तर सेकंदाला जवळपास १० लिटर, म्हणजे तासाला ३५ घनमीटर हवा डब्यातून गेली पाहिजे. ८० मिलिमीटरचा साधारण फॅन मोकळ्या जागेत तासाला ५० ते ६० घनमीटर हवा ढकलतो. कागदावर पुरेसं वाटतं. पण डबा म्हणजे मोकळी जागा नव्हे आणि इथूनच घोळ सुरू होतो.

उष्णता नाही गेली तर काय होतं? सगळ्यात आधी भोगतात इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर. त्यांच्या आयुष्याचा ठोकताळा असा की तापमान १० अंशांनी वाढलं की आयुष्य निम्मं होतं. १०५ अंशांना २००० तास असं छापलेला कॅपॅसिटर ६५ अंशांत ठेवला तर सुमारे ३२,००० तास टिकावा आणि ७५ अंशांत १६,०००. दिवसाला आठ तास, वर्षाला अडीचशे दिवस वापर धरला तर हा फरक सोळा वर्षं आणि आठ वर्षं एवढा पडतो. शांत फॅन बसवणाऱ्याला हे बिल लगेच येत नाही, म्हणून तो खुशीत असतो.

पाचशे वॅटचा स्कोप

पूर्वी हा प्रश्न अधिक उघडावाघडा होता. अमेरिकेत ओरेगन राज्यातल्या पोर्टलंडमध्ये हॉवर्ड व्हॉलम आणि जॅक मर्डॉक यांनी १९४६ मध्ये टेक्ट्रॉनिक्स कंपनी काढली. तिचा पन्नाशीच्या दशकातला ५४५ हा स्कोप व्हॉल्व्हवर चालायचा आणि सुमारे ५०० वॅट वीज खायचा. त्यातली जवळपास सगळी वीज उष्णता होऊनच बाहेर पडायची. मागच्या बाजूने एक पंखा गाळणीतून हवा आत ओढायचा. ती जाळीची गाळणी अधूनमधून काढून धुवायची आणि तिला चिकट लेप लावून परत बसवायची, अशी सूचना कंपनी देत असे. पंखा अडला किंवा गाळणी बुजली तर आतला थर्मल कटआउट वीज तोडायचा. म्हणजे गाळणी, पंखा आणि सुरक्षा या तिन्हींचा विचार एकत्र केलेला होता. आजच्या स्वस्त उपकरणांत यातला बहुधा फक्त पंखा शिल्लक आहे.

जुन्या उपकरणांतले पंखे थेट एसी मेन्सवर फिरत. त्यांचा वेग विजेच्या फ्रीक्वेन्सीला बांधलेला. अमेरिकेत ६० हर्ट्झवर जेवढा वारा घालायचा, त्याहून कमी तोच पंखा आपल्याकडे ५० हर्ट्झवर घालतो. वेग कमी-जास्त करायची सोय जवळजवळ नव्हतीच. डीसीवर चालणारे ब्रशलेस फॅन सर्रास झाले तेव्हा ही सोय हाती आली. पण कित्येक उत्पादकांनी तेही बारा व्होल्टला थेट जोडून टाकले. कारण साधं आहे. माहितीपत्रकात ४० किंवा ५० अंशांपर्यंत चालेल असं लिहिलेलं असतं, त्यामुळे फॅन त्या दिवसाच्या हिशेबाने निवडतात. मग बाहेर २५ अंश असले तरी तो रोज त्याच ताकदीने धावतो.

झाकण लावून बघ

बुधवार पेठेत दुरुस्तीचं एक छोटं दुकान आहे. मालकांना सगळे काकाच म्हणतात. मी गेलो तेव्हा त्यांच्या टेबलावर एका कॉलेजमधून आलेला पॉवर सप्लाय होता. तक्रार दोन शब्दांची: ‘खूप आवाज.’ हाताखालच्या मुलाने झाकण उघडून फॅन काढायला घेतला होता.

“फॅन बदलायचाय ना, काका?”

“बदलू. आधी झाकण लाव आणि मागे हात धर. वारा कुठून येतो ते बघ.”

पाठीमागच्या पत्र्यात फॅनसमोर आडव्या खाचा पाडलेल्या होत्या. जेवढा पत्रा उघडा, जवळजवळ तेवढाच बंद. खाचांच्या कडांवर करड्या धुळीची मिशी बसलेली. फॅन पत्र्याला इतका चिकटून होता की पाती आणि खाच यांत बोटभरही अंतर नव्हतं. हीटसिंकच्या पात्यांमध्ये धूळ दाबून भरल्यासारखी, नखाने काढली तर लोकरीसारखी सलग निघत होती. आणि वारा? हीटसिंकमधून फारसा जातच नव्हता. फॅनच्या अगदी शेजारी, ट्रान्सफॉर्मरसाठी म्हणून पाडलेल्या भोकांतून हवा आत यायची आणि लगेच फॅनमधून बाहेर जायची. बांध फुटला की पाटाचं पाणी पिकाकडे जात नाही, तशी ती हवा. काकांनी त्या भोकांवर तात्पुरती चिकटपट्टी लावली, हीटसिंकवर ब्लोअर मारला, खाचांचा भाग कापून तिथे तारेची जाळी बसवायचं ठरवलं. फॅनची पाळी शेवटी आली. तो बुशवाला होता, बुश कोरडं पडून झिजलेलं. त्याच मापाचा बॉल बेअरिंगवाला बसला.

इथे एक बारकावा लक्षात घ्यावा. उघड्या झाकणाने उपकरण थंड राहतं असं आपल्याला वाटतं. पण झाकण हा वाऱ्याच्या वाटेचाच एक भाग आहे. ते काढलं की हवा हीटसिंकला वळसा घालून निघून जाते. त्यामुळे उघड्या डब्यात केलेलं तापमानाचं मोजमाप दिशाभूल करतं. थर्मोकपलच्या बारीक तारा फटीतून बाहेर काढायच्या, झाकण घट्ट लावायचं, सगळ्यात कष्टाचा लोड द्यायचा आणि आकडे स्थिर होईपर्यंत तास-दीड तास थांबायचं. फॅन बदलण्याआधी एकदा आणि बदलल्यावर एकदा. हीटसिंक, मोठे कॅपॅसिटर, आत येणारी हवा आणि बाहेर पडणारी हवा, अशा चार जागा पुरतात. अर्थात आत हात घालण्याआधी प्लग काढायचा आणि मोठे कॅपॅसिटर उतरलेत याची खात्री मीटर लावूनच करायची.

आवाज कुठून निघतो

पंख्याच्या आवाजाचे ढोबळ तीन वाटे पडतात. बेअरिंग आणि मोटरची घरघर, तिच्यामुळे थरथरणारा पत्रा आणि हवेचा स्वतःचा आवाज. पहिल्याला चांगलं बेअरिंग आणि दुसऱ्याला स्क्रूऐवजी रबरी खुंट्या, हे उपाय सोपे आहेत. तिसरा वाटा सगळ्यात मोठा आणि सगळ्यात दुर्लक्षित. पात्याच्या तोंडाशी हवा शांतपणे आली तर सू असा पसरट आवाज येतो. तीच हवा खाचेच्या कडेला, वायरच्या जुडग्याला किंवा पत्र्याच्या कोपऱ्याला धडकून विस्कटलेली आली की प्रत्येक पातं त्या विस्कटलेल्या झोताला आपटतं आणि आवाजाला एक ठरावीक सूर येतो. सात पात्यांचा फॅन मिनिटाला ४५०० फेरे घेत असेल तर तो सूर ५२५ हर्ट्झचा. कानाला सुराचा त्रास नुसत्या सू-सूपेक्षा जास्त होतो. म्हणून फॅनच्या हवा ओढणाऱ्या बाजूला मोकळी जागा ठेवणं हे बाहेर टाकणाऱ्या बाजूपेक्षाही महत्त्वाचं. जाळी काही मिलिमीटर दूर सरकवली तरी फरक ऐकू येतो.

वेगाचं गणित मात्र उदार आहे. वेग निम्मा केला तर पंख्याचा आवाज सुमारे १५ डेसिबलनी उतरतो. १० डेसिबल उतरले की कानाला आवाज निम्मा झाल्यासारखा वाटतो, हे लक्षात घेतलं तर ही मोठी कमाई. बारा व्होल्टचा फॅन नऊ व्होल्टवर चालवला आणि वेग चौथाईने उतरला असं धरलं, तर सहा डेसिबल वाचतात. पण हवाही चौथाईने कमी होते. आधी १५ अंश तापून निघणारी हवा आता २० अंश तापून निघेल. सात व्होल्टवर आणलं तर साधारण १२ डेसिबल वाचतात आणि हवेची वाढ २५ अंशांच्या वर जाते. हा सौदा करायला हरकत नाही. फक्त तो मोजून करावा.

याहून चांगला सौदा आकारात आहे. ६० मिलिमीटरच्या फॅनऐवजी त्याच घडणीचा ८० मिलिमीटरचा बसवला, तर तेवढीच हवा त्याला ४५०० ऐवजी १९०० फेऱ्यांत हलवता येते आणि आवाज हिशेबाने १० डेसिबलनी उतरतो. शिवाय सूरही खाली, सव्वादोनशे हर्ट्झच्या आसपास जातो. तिथे कान तितका तीक्ष्ण नसतो. मग सगळ्यांनी मोठाच फॅन का बसवू नये? कारण मोठ्या आणि संथ फॅनचा जोर कमी पडतो. वरच्याच उदाहरणात त्याचा दाब आधीच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही खाली येतो. आतमध्ये दाटीवाटीने कार्ड, शील्डिंगचे डबे, वायरी असतील तर त्या अडथळ्यातून हवा रेटायला तो पुरा पडत नाही. फॅनच्या माहितीपत्रकावरचा ‘इतकी हवा’ हा आकडा समोर काहीच नसतानाचा असतो आणि ‘इतके डेसिबल’ हाही तसाच मोजलेला. डब्यात बसल्यावर दोन्ही बदलतात. अडथळा फार झाला तर पात्यांवरून हवा सुटते, फॅन हवा कमी हलवतो आणि आवाज जास्त करतो.

ऑस्ट्रियाच्या नॉक्टुआचे तपकिरी फॅन हौशी मंडळींत लोकप्रिय आहेत आणि त्यांची बेअरिंगं, पाती उत्तमच आहेत. तरी मूळ फॅनपेक्षा त्याच मापाचा एखादा फॅन खूपच शांत असेल, तर त्याचा बराचसा भाग कमी वेगाचा आहे, हे विसरू नये. अडथळा काढला असेल तर असा फॅन चालतो. अडथळा तसाच ठेवून तो बसवला तर शांतता मिळते आणि कॅपॅसिटर शिजतात.

वेग कुणी ठरवायचा

वेग कमी करायची सर्वांत बाळबोध रीत म्हणजे फॅनच्या वाटेत एक-दोन डायोड घालणं. प्रत्येक डायोड ०.७ व्होल्ट खातो. रीत चालते, पण तिला ऋतू कळत नाहीत. दुसरा धोका असा की नवा असताना सात व्होल्टवर सुरू होणारा फॅन बेअरिंग जुनं झाल्यावर नुसता थरथरत उभा राहतो. त्यापेक्षा हीटसिंकला चिकटवलेला थर्मिस्टर आणि त्याच्या सांगण्यावर चालणारं छोटं सर्किट बरं. हीटसिंक गार असताना फॅन हळू, तापला की जोरात. थर्मिस्टर मात्र तापणाऱ्या वस्तूवरच हवा. काही उपकरणांत तो आत येणाऱ्या हवेच्या वाटेत टांगलेला असतो. तिथे त्याला खोलीचं तापमान कळतं, ट्रान्झिस्टरचं नाही.

संगणकातले चार वायरींचे फॅन २५ किलोहर्ट्झच्या पीडब्ल्यूएमने, म्हणजे झपाट्याने चालू-बंद होणाऱ्या संकेताने, वेग बदलतात. कानाच्या पलीकडची फ्रीक्वेन्सी, म्हणून कटकट नाही. दोन वायरींच्या फॅनची वीजच कमी फ्रीक्वेन्सीने तोडली तर तो टिकटिकतो आणि त्याहून वाईट म्हणजे ते तुकडे पडलेले करंट मोजमापाच्या सर्किटपर्यंत पोचतात. ब्रशलेस फॅन तसाही झटक्याझटक्याने करंट ओढतो. त्यामुळे संवेदनशील उपकरणात त्याच्या वाटेत कॉइल आणि कॅपॅसिटरची गाळणी घालणं शहाणपणाचं. कानाला शांत झालेला फॅन स्कोपच्या पडद्यावर गोंगाट करत असेल तर काय उपयोग?

वाराच जेव्हा चूक करतो

काही उपकरणांत तर वारा स्वतःच मोजमाप बिघडवतो. दोन वेगळे धातू जिथे जुळतात तिथे तापमानातल्या फरकाने सूक्ष्म व्होल्टेज तयार होतं. जुन्या धातूच्या टोपीच्या घटकांचे पाय कोवार या मिश्रधातूचे असतात. तांबं आणि कोवार यांच्या जोडाला अंशामागे ३५ ते ४० मायक्रोव्होल्ट निघतात. झुळूक लागून एका पायाचा सांधा दुसऱ्यापेक्षा अंशाच्या शंभराव्या भागाने गार झाला, तरी ०.४ मायक्रोव्होल्टची खोट. ह्यूलेट-पॅकार्डचा ३४५८ए हा १९८९ च्या सुमारास आलेला साडेआठ आकडी मल्टीमीटर १० व्होल्टच्या रेंजवर ०.१ मायक्रोव्होल्टपर्यंत दाखवतो. म्हणजे त्या झुळकीने त्याचा शेवटचा अंक चारने हलेल. म्हणूनच अशा कामात व्होल्टेज रेफरन्सवर छोटी टोपी चढवतात, वाऱ्याची वाट त्याच्यापासून लांबून नेतात.

गंमत अशी की ३४५८एच्या पाठीलाही फॅन आहेच. आतल्या उष्णतेला बाहेर काढल्याशिवाय अचूकता टिकत नाही, आणि काढताना झुळूक नको. अशा मीटरचा फॅन बदलला की आतलं तापमान बदलतं आणि त्याबरोबर मीटरचं वागणंही. बरं हे की आतलं तापमान त्याला आज्ञा देऊन विचारता येतं. ते आधी आणि नंतर वाचावं, फरक पडला असेल तर स्वयं-कॅलिब्रेशन करावं आणि प्रमाणपत्र हवं असेल तर मीटर पुन्हा प्रयोगशाळेत पाठवावा. याउलट त्याच घराण्यातला ३४४०१ए हा साडेसहा आकडी मल्टीमीटर फॅनशिवायच बनवला गेला. आत उष्णताच कमी होईल अशी रचना केली की कान आणि अचूकता दोघांचं भागतं.

आपली हवा

परदेशी माहितीपत्रकातली अचूकता बहुधा २३ अंश, अधिक-उणे ५, या तापमानाला दिलेली असते. चंद्रपूरला मे महिन्यात बाहेर पारा पंचेचाळिशीच्या पुढे जातो. वीज गेलेली, एसी बंद, आणि टेबलावर ४० अंशांपर्यंतच चालणारं उपकरण: ते सुरू होण्याआधीच आपल्या हद्दीबाहेर गेलेलं आहे. तिथे फॅन हळू करायचा विचारही नको. इचलकरंजीत यंत्रमागाच्या शेजारी कंट्रोल पॅनेल तपासायला नेलेल्या उपकरणात धुळीऐवजी कापसाचे तंतू जातात आणि जाळीवर त्यांचा पापुद्रा बसतो. कोकणात दमट, खारी हवा धुळीला चिकट करते. अशी ओली धूळ वीज वाहू लागते आणि हाय व्होल्टेजच्या भागात चुरचुर सुरू होते. लेहला साडेतीन हजार मीटरवर हवा जवळपास तीस टक्क्यांनी विरळ, म्हणजे फॅन तेवढेच लिटर हलवतो पण उष्णता तेवढी नेत नाही.

हवा बाहेर फेकणारा फॅन डब्याच्या प्रत्येक फटीतून धूळ आत ओढतो. हवा आत घेणारा असेल तर एकाच तोंडाला गाळणी लावून भागतं, पण ती गाळणी महिन्या-दोन महिन्यांनी धुणारा माणूस हवा. जिथे तो नसेल तिथे गाळणीच उपकरणाचा गळा घोटते. कुठली रचना बरी हे डब्याइतकंच त्या जागेवर आणि तिथल्या माणसांवर ठरतं.

खरेदीच्या कागदावर

कॉलेजं आणि कारखाने उपकरणं मागवतात तेव्हा निविदेत बँडविड्थ, चॅनेल, मेमरी सगळं काटेकोर लिहिलेलं असतं. आवाजाचा रकानाच नसतो. एका प्रॅक्टिकलच्या खोलीत अशी वीस-वीस टेबलं लागतात. तिथे सर घसा ताणून शिकवतात आणि मागच्या रांगेतली मुलं अंदाजाने वही भरतात. त्या निविदेत तीन ओळी वाढवायला खर्च येत नाही. पूर्ण लोडवर एक मीटर अंतरावर आवाज किती, फॅनचा वेग तापमानाप्रमाणे बदलतो का, आणि गाळणी व फॅन झाकण न उघडता काढता येतात का. उत्तर देता आलं नाही तर विक्रेत्याला विचार करावा लागेल. दोन-चार ठिकाणांहून तोच प्रश्न आला तर उत्पादकालाही.

आणि जे उपकरण आधीच टेबलावर आहे, त्याच्यासाठी क्रम काकांनी त्या मुलाला सांगितला तोच: आधी वारा कुठून येतो ते बघायचं, मग धूळ, मग जाळी, मग बेअरिंग, मग वेग. यातल्या पहिल्या तीन गोष्टींना बाजारात जायचीही गरज पडत नाही. शिवाय त्या केल्याने आवाज आणि उष्णता दोन्ही एकदमच उतरतात. शेवटच्या दोघांत मात्र एकाच्या बदल्यात दुसरं द्यावं लागण्याची शक्यता असते. तिथे थर्मोकपल लावल्याशिवाय स्क्रू ड्रायव्हर उचलू नये.